बीएस्सीची सवय आणि बीएचं पुस्तक

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून आपल्याकडच्या महाविद्यालयांत एक गंमत दिसते. ओपन इलेक्टिव्ह म्हणून जो विषय घ्यायचा, तो आपल्या विद्याशाखेबाहेरचा असावा लागतो. त्यामुळे केमिस्ट्रीची मुलगी इतिहासाच्या तासाला येऊन बसते आणि मराठी घेतलेला मुलगा खगोलशास्त्राच्या. शिवाय इंजिनिअरिंग आटोपून स्पर्धा परीक्षांकडे वळलेली मंडळी आहेतच. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तेव्हा त्यांनाही आता पानंच्या पानं लिहिणं भाग आहे. या सगळ्यांची तक्रार साधारण एकच असते: वाचून होतं, समजतंही, पण मार्क काही पडत नाहीत.

घरोघरी यावरचं निदान ठरलेलं आहे. सायन्सला डोकं लागतं आणि आर्ट्सला पाठांतर. हे निदान कुणी केलं कोण जाणे, पण ते दोन्ही बाजूंनी फसवं आहे. नीटसाठी बायोलॉजीचं पुस्तक ओळ न् ओळ घोकणाऱ्या मुलाला विचारा, पाठांतर कशाला म्हणतात ते. आणि सनावळ्या तोंडपाठ असूनही इतिहासाच्या पेपरात घुटमळणारे विद्यार्थी कोणत्याही कॉलेजात सापडतील.

माझ्या मते खरा फरक वेगळाच आहे. आपली चूक आपल्याला कोण दाखवून देतं, हा तो फरक. विज्ञानात ती बहुतेक वेळा विषय स्वतःच दाखवतो. इतिहास, साहित्य, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान यांत ती दुसरा माणूस दाखवतो: दुसरा लेखक, दुसरा कागद, दुसरा वाचक. वाचनाचा वेग, नोट्स काढायची रीत, उत्तराची बांधणी हे बाकीचे फरक इथूनच निघतात. (अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि भूगोल दोन्हीच्या मध्ये उभे आहेत. ते घेणाऱ्यांना दोन्ही रीती शिकाव्या लागतात, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुक कुणी करत नाही.)

विज्ञानातली चूक कशी बोलते ते अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेतच बघू. सिंपल पेंड्युलमचा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो. एक मीटर दोरा, खाली धातूचा गोळा, वीस दोलनांना लागणारा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरणाची, म्हणजे ‘जी’ची किंमत काढायची. वीस दोलनांना साधारण ४०.१ सेकंद लागायला हवेत. आता समजा स्टॉपवॉच सुरू करताना तुम्ही ‘शून्य’ म्हणण्याऐवजी ‘एक’ म्हणालात. मग तुमची ‘वीस’ दोलनं प्रत्यक्षात एकोणीसच भरतात, वेळ येतो ३८.१ सेकंद, आणि ‘जी’ची किंमत ९.८ च्या जागी १०.८७ च्या आसपास निघते. म्हणजे जवळजवळ ११ टक्के जास्त. दोऱ्याची लांबी मोजताना एक-दोन मिलिमीटरची गफलत झाली तर एवढा फरक पडणार नाही, तो अर्ध्या टक्क्याच्याही आत राहील. आलेल्या आकड्याकडे नीट पाहिलं तर चूक मोजणीतच आहे, हे तो आकडाच सांगतो. शिक्षक वर्गात असोत वा नसोत.

आपल्याकडे होतं काय, की ९.८ यायला हवं म्हणून उत्तरावरून मागे रीडिंग बसवतात. जर्नल सुबक होतं, सही मिळते, आणि विज्ञान शिकवणारा तो एकमेव खडूस मास्तर आपण आपल्या हातानं वर्गाबाहेर घालवतो. विज्ञान शिकणाऱ्यांना माझा पहिला सल्ला हाच: चुकलेलं उत्तर खोडू नका. त्याच्या शेजारी, ते किती चुकलं आणि कोणत्या दिशेनं चुकलं ते लिहा. दुप्पट आलं का, दहापट आलं का, चिन्ह उलटं आलं का? एककं घसरली की उत्तर दहाच्या, शंभराच्या पटीत जातं. वर्तुळाच्या क्षेत्रफळात त्रिज्येऐवजी व्यास घातला की चौपट होतं. महिनाभर असं लिहिलंत तर आपण नेहमी त्याच दोन-तीन जागी पडतो, हे लक्षात येईल आणि अभ्यास नेमका तिथे करता येईल.

विज्ञानाची दुसरी खोड म्हणजे मागची बाकी ते सोडत नाही. कॅल्क्युलस कच्चं राहिलं की पुढचं फिजिक्स अडतं, मोल ही संकल्पना धूसर राहिली की रसायनशास्त्रातली अर्धी गणितं अंगावर येतात. अशा वेळी आजचं प्रकरण दहादा वाचून काही होत नाही. मागे जावं लागतं, प्रसंगी नववी-दहावीपर्यंत. ई-बालभारतीवर ती पुस्तकं फुकट मिळतात आणि पदवीच्या मुलानं ती उघडण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता पलीकडच्या वर्गात जाऊ. इथे जरा थांबणं भाग आहे, कारण विज्ञानाची सवय घेऊन आलेला विद्यार्थी सर्वांत जास्त इथे गोंधळतो.

ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे १८८२ साली पुण्यात छापलेलं छोटं पुस्तक घ्या. मराठी, इतिहास, स्त्री-अभ्यास अशा कितीतरी अभ्यासक्रमांत ते भेटतं. बीएस्सीच्या सवयीनं वाचणारा विद्यार्थी पेन्सिल घेतो आणि महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारतो. मग मुद्दे काढतो: पुरुषांचे दोष, स्त्रियांवरचे अन्याय, विधवाविवाहाबद्दलचं मत. सहा-सात मुद्दे होतात. प्रकरण संपलं असं त्याला वाटतं. केमिस्ट्रीच्या पुस्तकात एखाद्या मूलद्रव्याचे गुणधर्म असेच काढतात आणि तिथे ते बरोबरही असतं. इथे मात्र त्याच्या हाती फक्त गोषवारा लागला. पुस्तकाचा अभ्यास अजून सुरूच झालेला नाही.

पुन्हा वाचायचं, आणि या वेळी प्रश्न घेऊन वाचायचं. हे पुस्तक कुणाला उत्तर देतं आहे? सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येच्या आरोपावरून १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, पुढे ती बदलून काळ्या पाण्याची झाली. त्या निमित्तानं वृत्तपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलं गेलं. ‘पुणे वैभव’सारख्या पत्रातल्या अशा लिखाणावर बुलढाण्याच्या या बाईनं कागद हाती घेतला. हे कळलं की पुस्तकाचा चढा सूर एकदम समजतो, कारण तो भांडणाचा आहे. पुढचा प्रश्न: बाई भांडतात कशा? बायकांवर जे जे दोष लादले जातात, ते एकेक उचलून त्या पुरुषांपुढे धरतात आणि विचारतात, हे तुमच्यात नाहीत का? मग त्याहून अवघड प्रश्न येतो. ताराबाई पतिव्रताधर्म मोडीत काढतात, की तीच मोजपट्टी पुरुषांनाही लावा म्हणतात? याचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेलं नाही. दोन जाणकार वाचक दोन उत्तरं देतील, आणि दोघांनाही आपलं उत्तर पुस्तकातल्या पानांवर बोट ठेवून सिद्ध करावं लागेल.

आणखी एक धागा. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेलं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापेपर्यंत. सुमारे नव्वद वर्षं हे पुस्तक कुणाला आठवलं नाही, हाही अभ्यासाचाच विषय आहे. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात एखादं सूत्र इतकी वर्षं कुठे होतं याची उठाठेव करायची गरज सहसा पडत नाही. इथे पडते.

‘मग काय, आर्ट्समध्ये सगळी मतंच असतात, काहीही लिहा’ हा निष्कर्ष काढायची घाई करू नका. तो दुसरा खड्डा आहे. शिवजन्माच्या तारखेचं उदाहरण घ्या. बराच काळ शके १५४९ ची, म्हणजे १६२७ ची, वैशाखातली तिथी मानली जात होती. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद होती. एका शकावलीवर कुणी लगेच विश्वास ठेवला नाही, आणि ते योग्यच झालं. पुढे महाराजांच्या हयातीतच कवींद्र परमानंदानं रचलेलं ‘शिवभारत’ उजेडात आलं, त्यातही तीच तिथी निघाली. राजस्थानातल्या एका कुंडलीसंग्रहात सापडलेली कुंडलीही तिकडेच बोट दाखवत होती. एकमेकांशी संबंध नसलेले कागद एकाच तिथीवर येऊन थांबले, तेव्हा उशिराच्या बखरींचं पारडं हलकं झालं. राज्य सरकारनं २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. तिथीनं जयंती करणारे आजही तिथीनं करतात, तो वेगळा वाद. इथे चूक दुरुस्त झाली, पण ती करायला दुसरा कागद सापडावा लागला आणि त्यासाठी काही दशकं जावी लागली. पेंड्युलमनं हेच काम एका तासात केलं होतं.

या फरकाचे व्यवहारात काय परिणाम होतात ते बघा.

वाचनाच्या वेगाचं गणित उलटं होतं. फिजिक्सचं एक पान तासभर पुरतं आणि त्या तासात हातात पेन हवंच. इतिहासाची किंवा राज्यशास्त्राची तीस पानं एका बैठकीत व्हायला हवीत, पण ती एकदा वाचून भागत नाही. पहिलं वाचन पेन्सिल खाली ठेवून भरभर करा. लेखकाचं म्हणणं दोन वाक्यांत सांगता आलं तर पुढे जा. दुसऱ्या वाचनात फक्त ज्या पानांवर तो आपलं म्हणणं सिद्ध करतो, तिथेच थांबा. सायन्सवाल्यांना ‘एक शब्दही सुटता कामा नये’ ही सवय असते. ती त्यांना इथे मारते, कारण चार पानांत दिवस जातो आणि वाचनाच्या यादीत आणखी पाच पुस्तकं वाट बघत असतात.

विषय अगदीच नवखा असेल तर आधी मराठी विश्वकोशातली नोंद वाचावी. आंतरजालावर ती फुकट आहे, दोन-चार पानांत जमीन कळते. पण तिथेच मुक्काम करू नये.

नोट्समध्ये विषयाचे मुद्दे कमी आणि भांडणं जास्त उतरवा. मी विद्यार्थ्यांना एका कागदावर चार गोष्टी लिहायला सांगतो: लेखकाचा दावा काय, तो कशाच्या आधारावर, कोणत्या पानावर, आणि याच्याशी कोण सहमत नाही. पान नंबर न लिहिलेली नोंद परीक्षेच्या आदल्या रात्री कवडीची राहत नाही. चौथी जागा रिकामी राहिली तर समजा, या विषयावर तुम्ही एकच पुस्तक वाचलं आहे. दुसरं शोधा. विज्ञानात एका विषयाला एक चांगलं पुस्तक आणि त्यातली सगळी गणितं हे धोरण उत्तम. इथे दोन मध्यम पुस्तकं एका उत्तम पुस्तकापेक्षा जास्त शिकवतात, फक्त ती एकमेकांशी भांडणारी हवीत.

उत्तर लिहिताना तर हा फरक उघडाच पडतो. पानिपतचा प्रश्न आपल्याकडे सदाबहार आहे. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाची कारणं विचारली की सायन्सचा विद्यार्थी आठ कारणं एकाखाली एक लिहितो: रसद तुटली, सूरजमल जाट निघून गेला, सोबत यात्रेकरू आणि बायका-मुलं होती, अब्दालीचं घोडदळ, मराठ्यांतला बेबनाव, आणि असंच पुढे. प्रत्येकाला दोन ओळी. सगळी कारणं खरी आहेत, तरी उत्तर अर्धंच आहे, कारण कोणतं कारण कुणाचं काम करत होतं हे त्यानं सांगितलंच नाही.

तेच उत्तर असं विचार करून बघा. नोव्हेंबरपासून मराठे पानिपतला अडकून पडले होते, दिल्लीची वाट बंद झाली होती. अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. उपासमारीनं लढाईला बाहेर पडणं भाग पडलं, इथवर रसदीचं कारण पुरतं. पण त्या दिवशी इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळानं आणि तोफांनी दुपारपर्यंत शत्रूचं चांगलंच नुकसान केलं होतं. मग संध्याकाळपर्यंत सैन्याची दाणादाण का उडाली? इथे उपासमार पुरी पडत नाही. घोडदळाचा गनिमी कावा आणि गारद्यांची कवायती लढाई यांचा मेळ बसला नाही, आणि विश्वासराव पडल्यावर फळी फुटली, याकडे वळावं लागतं. म्हणजे एका कारणानं लढाई त्याच दिवशी का झाली ते सांगितलं, दुसऱ्यानं ती तशी का संपली ते. असं लिहिलं की पाच कारणांतही उत्तर भरतं. शेजवलकरांचं ‘पानिपत : १७६१’ चाळलंत तर कारणांना वजन देणं म्हणजे काय ते कळेल. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ कादंबरी म्हणून जरूर वाचा, पण तिच्यातला प्रसंग पुरावा म्हणून उत्तरपत्रिकेत उतरवू नका. तपासणाऱ्याला ते पहिल्या परिच्छेदातच कळतं.

दोन्ही घरं एकाच माणसाला जमतात का? दामोदर धर्मानंद कोसंबींना जमली होती. १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेले कोसंबी मूळचे गणिती. ते फर्ग्युसनला गणित शिकवत, पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. प्राचीन भारतातली आहत नाणी त्यांनी तराजूवर एकेक करून तोलली. नाणं जितकं हातोहात फिरतं तितकं झिजतं, त्यामुळे वजनांच्या सरासरीवरून आणि विखुरणीवरून नाण्यांचा क्रम लावता येईल, असा त्यांचा विचार. हे निखळ संख्याशास्त्र झालं. पण कोणती नाणी तोलायची आणि त्यातून कोणत्या राजवटीबद्दल काय विचारायचं, हे संख्याशास्त्र सांगत नव्हतं. ते इतिहासातूनच यावं लागलं. याच माणसानं भर्तृहरीच्या सुभाषितांची हस्तलिखितं ताडून चिकित्सक आवृत्तीही काढली. विज्ञानाकडून येणाऱ्या विद्यार्थ्यानं आपली मोजण्याची सवय टाकून देऊ नये, एवढं यावरून म्हणता येईल. फक्त मोजायला काय घ्यायचं ते इथल्या लोकांकडून शिकावं.

उलट दिशेनं, म्हणजे कला शाखेतून विज्ञानाकडे, येणाऱ्यांना थोडक्यात सांगण्यासारखं आहे. त्यांचा घात सोडवलेली उदाहरणं करतात. ती कथेसारखी वाचून होतात, प्रत्येक पायरी पटते आणि समजल्याचा भास होतो. उदाहरणाचं उत्तर वहीनं झाका आणि आधी स्वतः करा. अडलात तर एकच ओळ उघडा, पुन्हा झाका. दहा गणितं वाचण्यापेक्षा तीन सोडवलेली बरी. आकृती काढायचा कंटाळा करू नका, एककं प्रत्येक ओळीत लिहा. आणि ‘मला गणित येतच नाही’ हे वाक्य वर्षभर बाजूला ठेवा. बहुतेकांचं अडतं ते अपूर्णांक, गुणोत्तर आणि आलेख वाचणं एवढ्यावरच.

अभ्यासाचं वेळापत्रक आखताना दोन्हींना सारखे तास देण्याचा आग्रह मात्र सोडा. विज्ञानाला रोज थोडा वेळ हवा, खंड पडला की हात जड होतो. मानव्य विषयांना आठवड्यातून दोन-तीन लांब बैठका मानवतात, कारण पुस्तकात शिरायलाच अर्धा तास जातो. ज्यांना रेल्वेनं किंवा एसटीनं रोज ये-जा करावी लागते, त्यांनी पहिलं भरभर वाचन प्रवासात उरकावं आणि गणितं घरच्या टेबलासाठी ठेवावीत.

शेवटची गोष्ट उत्तरलेखनाची. विज्ञानात गणित सुटलं की नाही ते तुम्हाला एकट्याला कळतं. निबंध सुटला की नाही ते एकट्याला कळत नाही, कितीही हुशार असलात तरी. म्हणून सत्र सुरू झाल्यावर महिन्याभराच्या आतच एक पूर्ण उत्तर लिहा, वेळ लावून, पुस्तक मिटून. ते विषयाच्या शिक्षकांना दाखवा. ते उपलब्ध नसतील तर वर्गातल्या अशा मित्राला दाखवा, ज्याचं मत तुमच्या उलट आहे. तो जिथे ‘हे कशावरून?’ म्हणेल, तिथे खूण करा आणि पुढच्या वेळी पुस्तक उघडाल तेव्हा तिथूनच सुरुवात करा.